नवऱ्यालाही तपासायला आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या ओळखीतली एक सून मूल होत नाही म्हणून गेल्या महिन्यात माहेरी, उमरेडला, पाठवली गेली. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तिच्या अंगावरून पांढरे जाऊ लागले, ओटीपोट दुखू लागले. गोळ्या घेतल्या की बरे वाटायचे, महिनाभराने पुन्हा तेच. नवऱ्याला तपासायचे कोणाच्याच मनात आले नाही, अगदी डॉक्टरांच्याही. आता गर्भनळ्या बंद निघाल्या आणि ‘वांझ’ हा शब्द तिच्या एकटीच्या वाट्याला आला.

मी नागपुरातच प्रसूती विभागात परिचारिका म्हणून नोकरी केली. परमा (गोनोरिया) किंवा क्लॅमिडिया या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या रोगांची लागण झालेल्या बाईला पुष्कळदा काहीच त्रास जाणवत नाही. जंतू वर चढतात, नळ्यांना सूज येते, त्या चिकटतात. औषधाने जंतू मरतात, चिकटलेली नळी मात्र सहसा मोकळी होत नाही. शिवाय नवऱ्याने औषध घेतले नसेल, तर बरी झालेली बाई घरी जाऊन पुन्हा तीच लागण घेते. उपचार दोघांनी एकाच वेळी पूर्ण करावे लागतात आणि तोवर संबंध टाळावे लागतात.

गरमीचे (सिफिलिसचे) दुखणे याहून क्रूर. आईकडून ती बाळापर्यंत पोहोचते, मूल पोटातच दगावते किंवा आजार घेऊनच जन्मते. दोन-दोन बाळे अशी गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. घरचे कोराडीला, ताजबागला नवस बोलून आलेले असत. नवस जरूर बोलावा, पण गरोदरपणाच्या सुरुवातीलाच रक्त तपासले आणि वेळेत पेनिसिलिनचे इंजेक्शन मिळाले, तर बाळ वाचू शकते. तिथेही नवऱ्याचे रक्त तपासायलाच हवे.

हा रोग म्हणजे गंगाजमुना या वेश्यावस्तीची गोष्ट, असे मानून आपले शहर निर्धास्त राहते. माझ्या वॉर्डातल्या बहुतेक बायकांनी नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष जाणला नव्हता. भिंतींवर ‘गुप्तरोगाचा शर्तिया इलाज’ लिहिलेले असते, तिकडे पुरुष गुपचूप पैसे ओततात. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत तपासणी-उपचाराची सोय आहे. सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये औषध मोफत मिळते, नाव बाहेर जात नाही. १०९७ या एड्स हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोनही फुकट लागतो. हे किती घरांना ठाऊक आहे?

पुरुष येत नाहीत याला लाजेइतकेच दुसरेही कारण आहे. ओपीडी सकाळची असते आणि हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यात रोजंदारी करणाऱ्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो. आरोग्य विभागाने आठवड्यातून एक संध्याकाळ तरी या तपासणीसाठी ठेवावी आणि बाईच्या कार्डावर नवऱ्याच्या तपासणीची नोंद सक्तीची करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उमरेडच्या त्या मुलीचा नवरा अजून तपासलेला नाही. त्याच्यासाठी दुसऱ्या स्थळाची बोलणी सुरू झाली आहेत.

एक निवृत्त परिचारिका,
नंदनवन, नागपूर