बाहुली धुऊ नकोस

प्रिय नंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आत्ताच वाचलं. आजीच्या ट्रंकेत चिंधीची बाहुली सापडली, हे वाचून मी उडालेच. पण पुढची ओळ, ‘फार मळलीय, रिठ्याच्या पाण्यात बुडवून काढते आणि नाकडोळे नव्याने भरते’, वाचली आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. नंदा, तिला पाणी लावू नकोस गं.

डोळे काजळाचे असतील तर ते गालांवर उतरतील. लाल खणाचा रंग सुटून अंगाच्या मांजरपाटावर चढेल. आत भरलेल्या चिंध्या लवकर वाळत नाहीत, त्यांना बुरशी धरते. मला मिळालेली पहिली बाहुली मी अशीच धुतली होती. तिचा चेहरा गेला तो गेलाच. अजून कपाट उघडलं की आधी तिच्याकडेच नजर जाते.

धूळ मऊ कुंचल्याने हलक्या हाताने झटक. उन्हात ठेवू नकोस. जुनं, खूप वेळा धुतलेलं पांढरं सुती कापड घे (कोऱ्या कापडाच्या खळीला कसर लागते), त्यात गुंडाळून आडवी ठेव. वेखंडाची पुरचुंडी शेजारी चालेल, अंगाला लागून नको.

आणि मग तिला पालथी करून शिवण बघ. खरी गंमत तिथे असते. माझ्याकडच्या एका बाहुलीचा उजवा हात तीनदा शिवलाय. आधी पांढऱ्या दोऱ्याचा बारीक धावदोरा, त्यावर निळ्या दोऱ्याचे लांब, वेडेवाकडे टाके, बहुतेक एखाद्या पोरीनेच घातलेले, आणि सगळ्यात वर मशीनची शिलाई. तीन वेळा हात निखळला आणि तिन्ही वेळा कुणाला तरी ती टाकवली नाही. मी तो हात दुरुस्त करणार नाही. केस गंगावनाचे आहेत, लुगडं कुणाच्या तरी नऊवारीच्या काठाचं. दुकानातल्या कोऱ्या बाहुलीत हे मला कुठून मिळणार?

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तमधली रोमन काळातली एक कापडी बाहुली आहे, इसवी सनाच्या १ ल्या ते ५ व्या शतकातली. लिननची, आत चिंध्या आणि पपायरसचे, म्हणजे तिथल्या जुन्या कागदाचे, तुकडे. जर्मनीच्या प्रसिद्ध बाहुलीकार केटे क्रूझने १९०५ मध्ये लेकीसाठी पहिली बाहुली केली ती टॉवेलात वाळू भरून, डोक्याच्या जागी बटाटा लावून. घरात जे हाताशी असेल ते! तुझ्या आजीने काय भरलंय, ते उसवून बघू नकोस. बोटांनी हलकेच दाबलंस तर सरकी लागते का, ते कळेल.

तुझ्या आत्याला फोन कर. बाहुली कुणाची होती, लग्न कुणाच्या बाहुल्याशी लावलं होतं, लुगडं कुणाचं, सगळं विचार. तिला आठवतंय तोवर चिठ्ठीवर लिहून बाहुलीपाशी ठेव.

फोटो पाठव. पाठीचाही.

तुझी,
माधवी