हरिकेनच्या मोसमाआधी अगबाचा धडा देणाऱ्या पाळकसाहेबांना

आदरणीय पाळकसाहेब,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

टेक्सासच्या आखाती किनाऱ्यावर राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या वतीने हे पत्र. प्रेषितांची कृत्ये 11 वा अध्याय शिकवताना तुम्ही जो कागद वाटलात, त्याच्या एका बाजूला वचनं होती आणि दुसऱ्या बाजूला पाणी, ब्लीच आणि विम्याचा हिशेब. त्या दोन्ही बाजूंसाठी तुमचे आभार. पत्र उघड लिहितोय, कारण आखातात वादळ उठलं की फोनवर शेवटच्या काळाचे संदेश धडाधड येऊ लागतात, आणि त्यांत ब्लीचचे थेंब कुणीच सांगत नाही.

अगब हा संदेष्टा अंत्युखियात आला आणि मोठा दुष्काळ पडणार आहे, असं त्याने आत्म्याच्या द्वारे सांगितलं. शिष्यांनी मग काय केलं, याकडे तुम्ही बोट दाखवलंत. दुष्काळ कुणाच्या पापामुळे, ही चर्चा तिथे नाही. प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे यहूदीयातल्या बंधूंसाठी मदत द्यायची असं ठरलं, आणि ती बर्णबा व शौल यांच्या हाती रवाना झाली. संकटाचं भाकीत खरं मानणं म्हणजे आधी तजवीज करणं, हा तुमचा मुद्दा आम्हाला पटला.

मत्तय 24 आणि लूक 21 तुम्ही टाळले नाहीत, याचंही समाधान आहे. समुद्राची आणि लाटांची गर्जना तिथे आहेच. पण येशूने या सगळ्याला वेदनांचा प्रारंभ म्हटलं, आणि तो दिवस, ती घटका पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, हेही त्याच अध्यायात सांगितलं. तेव्हा वादळाच्या नावावरून किंवा तारखेवरून आकडेमोड करणाऱ्याने मत्तय 24:36 ओलांडलेलं असतं.

शिक्षेच्या प्रश्नावर तुम्ही लूक 13 मधला शिलोहाचा कोसळलेला बुरूज पुढे ठेवलात. त्याखाली सापडलेले अठरा जण यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक दोषी नव्हते, असं येशू म्हणतो, आणि लगेच ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाला बोलावतो. गॅल्व्हस्टनचं उदाहरण तर आमच्या अंगणातलंच. 8 सप्टेंबर 1900 च्या वादळात किमान 6,000 माणसं गेली. सेंट मेरीज अनाथालयातल्या 10 सिस्टर आणि 90 मुलं बुडाली, तीन मुलगे वाचले. पापाचं गणित मांडणाऱ्याने आधी त्या मुलांचा हिशेब द्यावा. बेटाचा सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून जेमतेम 9 फूट होता, हे कारण समोर होतं. नंतर 17 फूट उंचीची समुद्रभिंत उभी राहिली आणि शहराची जमीन भर घालून उचलली गेली. नव्या घराच्या धाब्याला कठडा बांध, नाहीतर कुणी पडल्यास रक्तपाताचा दोष तुझ्या घराण्यावर येईल, या अनुवाद 22:8 शी तुम्ही ती भिंत जोडलीत. इतकं नेमकं प्रवचन क्वचितच ऐकायला मिळतं.

आमोस 3:6 अवघड आहे. नगरावर विपत्ती आली तर ती परमेश्वराने आणली नसेल काय, असा त्याचा सवाल. तो पुसून न टाकता तुम्ही विचारलंत, की आमोस हे कुणाला सुनावतोय? देवाच्याच लोकांना, गरिबाला जोडाभर पायतणांसाठी विकणाऱ्यांना. मग वादळात संदेष्ट्याचा प्रश्न मंडळीला असा पडतो: गाडी नसलेली आजी कुणाच्या यादीत आहे? टेक्सासमध्ये आपत्तीतल्या मदतीसाठी अशा व्यक्तीची नोंद 211 वर फोन करून करता येते, आणि ती दर वर्षी नव्याने करावी लागते. बहुतेकांची चूक इथेच होते. गेल्या वर्षी नाव दिलं, म्हणजे झालं, असं धरून चालतात.

आता कागदाची दुसरी बाजू. ‘कॅटेगरी’ फक्त वाऱ्याचा वेग सांगते, पाण्याचा नाही, हे तुम्ही ठळक छापलंत. 2008 चं आइक वादळ किनाऱ्यावर आलं तेव्हा कॅटेगरी 2 होतं, तरी बोलिव्हर द्वीपकल्पावर समुद्र 15 फुटांहून उंच चढला. 2017 च्या हार्वीचा वारा ओसरल्यावर खरा घात झाला. वादळ जागेवर रेंगाळलं आणि टेक्सासमधल्याच नेदरलंड गावी 60 इंचांहून जास्त पाऊस पडला. म्हणून निघायचं की थांबायचं, हे प्रशासनाने आखलेल्या स्थलांतराच्या झोनवरून ठरवायचं. किनारा आणि झोन ए आधी निघतो, मग बी, मग सी. झोनबाहेरच्यांनी भीतीपोटी रस्त्यावर उतरू नये. 2005 च्या रीटाच्या वेळी मैलोगणती कोंडीत, उन्हात अडकून माणसं दगावली, ती वादळ पोचण्याआधीच.

पाणी माणशी रोज 1 गॅलन धरायचं, किमान तीन दिवसांचं, जमल्यास दोन आठवड्यांचं. नळाच्या पाण्याची खात्री नसेल आणि उकळायची सोय नसेल, तर बिनवासाचं 6 टक्क्यांचं ब्लीच गॅलनला 8 थेंब टाकायचं, ढवळायचं, 30 मिनिटं ठेवायचं. पाणी गढूळ असेल तर आधी फडक्यातून गाळून थेंब दुप्पट करायचे. पेट्रोल किंवा रसायन मिसळलेल्या पुराच्या पाण्यावर हा उपाय चालत नाही, ब्लीच कितीही ओता.

वीज गेल्यावर बंद ठेवलेला फ्रीज अन्न सुमारे 4 तास थंड राखतो, गच्च भरलेला फ्रीजर 48 तास, अर्धा भरलेला 24. जनरेटर घरापासून किमान 20 फूट दूर, धूर खिडकी-दाराकडे येणार नाही असा. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत चालवला तरी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो, आणि त्याला वास नसतो. जनरेटरची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसायची नाही, वीज उलटी लाइनीत जाते आणि खांबावरच्या लाइनमनचा जीव घेते. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावणं निरुपयोगी, त्याने काच फुटायची थांबत नाही. 5/8 इंची प्लायवूड आधीच मापाने कापून, भोकं पाडून, त्यावर खिडकीचा क्रमांक लिहून ठेवायचं. वाहत्या पाण्याची 12 इंच खोली लहान गाडी वाहून नेऊ शकते, हे वाक्य तुम्ही दोनदा छापलंत, आणि बरं केलंत.

पूर ओसरल्यावर 24 ते 48 तासांत बुरशी धरते. त्यामुळे आधी फोटो, मग भिजलेलं ड्रायवॉल (भिंतीचे जिप्समचे तक्ते) आणि आतलं इन्सुलेशन कापून बाहेर. विमावाल्याची वाट पाहत भिंत ओली ठेवू नये, मात्र कापलेल्या तुकड्यांचा आणि कार्पेटचा नमुना जपून ठेवावा.

आणि विमा. साध्या घरविम्यात पूर येत नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पूरविम्यात घराला जास्तीत जास्त 2,50,000 डॉलर आणि सामानाला 1,00,000 डॉलर मिळतात, पण नवी पॉलिसी साधारणपणे 30 दिवसांनी लागू होते. 1 जूनला मोसम सुरू होतो, म्हणजे एप्रिल संपायच्या आत कागदपत्रं झाली पाहिजेत. पुढच्या वर्षी हा धडा तुम्ही पुनरुत्थानाच्या सणाच्या पुढच्याच आठवड्यात घ्यावा, ही विनंती. कागदाच्या प्रती काढण्याचा खर्च आम्ही करू, आणि शेजारच्या स्पॅनिशभाषक मंडळीसाठी भाषांतर करून देणारेही आमच्यात आहेत.

आपले,
किनाऱ्यावरची मराठी मंडळी