रविवारच्या मास्तरीणबाईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

आभार फोनवरही मानता आले असते. पण तुम्ही स्पे कास्टिंग, म्हणजे लांब काठी दोन्ही हातांनी धरून मासेमारीची लाइन फेकायची पद्धत, शिकवलीत ती इथल्या आणखी दोघातिघांच्या कामी येईल, म्हणून पत्र उघडंच लिहितो.

तुम्ही राहता त्या स्कॉटलंडात रविवारी सॅमन मासा धरायला कायद्यानंच बंदी आहे, हे तुमच्यामुळं कळलं. त्या बंदीचा फायदा गंगाखेडात बसून घेणारा मी एकटाच असेन. तुमची नदी बंद, म्हणून तुमचा रविवार माझ्या व्हिडिओंना. आठवडाभर हॉस्पिटलच्या पाळ्या करायच्या आणि सुट्टीच्या दिवशी परभणी जिल्ह्यातल्या एका माणसाचे हात थांबवून थांबवून बघत बसायचं, हे सख्खं माणूसही करत नाही.

इथं काठावर लोक विचारतात, एवढी तेरा फुटी काठी कशाला? कणकेचा गोळा लावून हातदोरीनं पोरं रोहू काढतात की! खरंच आहे ते. मासाच पाहिजे असेल तर पोरांचं बरोबर आहे. पण ही स्पेची पद्धत इथं अगदीच परकी नाही, हे तुम्ही पटवून दिलंत. तुमच्याकडच्या स्पे नदीवर एकोणिसाव्या शतकात ती रुजली, कारण तिथं काठ उंच, मागं झाडी, लाइन पाठीमागं फेकायला जागाच नाही. आमच्या गंगेला, म्हणजे गोदावरीला, काय वेगळं आहे? काळ्या मातीची उभी दरड आणि वर येडी बाभळ. साध्या फ्लाय रॉडनं, म्हणजे एका हाताच्या काठीनं, मागं लाइन उडवली की ती काट्यात. स्पेमध्ये ती मागं उडतच नाही. लाइनचं टोक समोर पाण्यात टेकलेलं राहतं, तोच अँकर. उरलेल्या लाइनचा डी-लूप, म्हणजे इंग्रजी डी अक्षरासारखा बाक, रॉडच्या मागं तयार होतो आणि त्याच्या वजनानं रॉड वाकतो.

तुम्ही पहिल्याच आठवड्यात अंतराचा विषय बंद केलात. लाइन किती लांब गेली ते सांगायचं नाही, अँकर कुठं पडला ते सांगायचं. व्हिडिओ दोन मागायचात. मागून काढलेल्यात दिसायचं की अँकर, डी-लूप आणि लाइन जायची दिशा एका रेषेत आहेत की नाहीत. बाजूनं काढलेल्यात डी-लूपचा आकार दिसायचा, आणि पुढच्या फेकीत रॉड किती उंचीवर थांबला तेही. अँकर अंगापासून रॉडभर बाजूला, थोडा पुढं आणि निशाणाकडं तोंड करून. तिरका पडला तर लाइन स्वतःलाच ओलांडते आणि सगळा जोर तिथंच जिरतो. उचल सावकाश, मग रॉड फिरवताना ताण कुठंही सुटू द्यायचा नाही. बास, निम्मा अभ्यासक्रम इथंच संपला.

उरलेला निम्मा खालच्या हाताचा. आपल्याकडं आसूड काय, कुऱ्हाड काय, सगळा जोर वरच्या हातात, त्यामुळं खालचा हात नुसता धरायला असतो असंच वाटतं. तुम्ही म्हणालात, आजीची रवी आठवा. एक हात ओढतो तेव्हा दुसरा सोडतो. खालचा हात पोटाकडं ओढला, वरचा नुसता टेकू म्हणून ठेवला, आणि लूप अरुंद झाला. लाइन पाण्यावर आपटायची ती सरळ उलगडायला लागली. त्या दिवशी मी अंतर मोजलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही.

अडचण आमच्या पाण्याची होती. तुमच्याकडं प्रवाह लाइन ताणून देतो; इथं बंधाऱ्याच्या फुगवट्यात पाणी थांबलेलं, लाइन ढिली पडून राहते. त्यावर तुमचा तोडगा साधा: आधी एक रोल कास्ट करून, म्हणजे लाइन मागं न उडवता पुढं उलगडून, ती सरळ करा, मग पुढचं. गवतावर सराव नको, गवत पाण्यासारखं लाइनला धरून ठेवत नाही, असंही बजावलंत. आणि गळ तर नकोच, लीडरच्या, म्हणजे लाइनपुढच्या बारीक दोऱ्याच्या, टोकाला लोकरीचा गोंडा. काठावर बघ्यांची गर्दी असते, शिवाय स्वतःचे कानही असतात.

वाऱ्याचा धडा मात्र इथल्या कुणीही पाठ करावा असा. अँकर नेहमी वारा ज्या बाजूला जातो त्या बाजूला पडला पाहिजे, नाहीतर लाइन आणि गळ वाऱ्यानं अंगावर येतात. गंगाखेड उजव्या तीरावर. पाण्याकडं तोंड केलं की प्रवाह उजवीकडं जातो. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे प्रवाहाबरोबरचा. तेव्हा डबल स्पे ही फेक, अँकर उजवीकडं. हिवाळ्यात वारा पूर्वेकडून आला की सगळं उलटं. अँकर डावीकडं, सिंगल स्पे किंवा स्नॅप-टी या फेकी, आणि डावा हात वर. उजव्या हातानं लिहिणाऱ्याला हे नव्यानं शाळेत गेल्यासारखं आहे, पण तुमच्या यादीतून पळवाट नाही.

तुमच्या पार्सलमधून आलेला स्कॅजिट हेड, म्हणजे लाइनचा पुढचा जाड, वजनदार तुकडा, पोचला. साडेपाचशे ग्रेन, म्हणजे जवळजवळ 36 ग्रॅम. पोस्टमननं पिशवी हलवून विचारलं, काय दोरखंड मागवलाय? पैसे घेत नाही म्हणालात, ते मान्य नाही. दिवाळीला परभणीला याल तेव्हा हिशेब करू, नाहीतर तुमच्या आईकडं देऊन येतो, त्या घेतील.

आजच सकाळी वारा फिरलाय. डाव्या हाताचे दोन्ही व्हिडिओ रविवारी पाठवतो, मागून आणि बाजूनं. कठोरपणे बघा.

आपला,
गंगाखेडचा तेराफुट्या