प्लास्टर काढलं, पण हाड मोडलंच कसं ते कोणी विचारलं नाही: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री,

सप्रेम नमस्कार. पत्र जरा लांबणार आहे पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती, कारण मागणी एकच आहे आणि ती फार मोठीही नाही.

माझी आई ६१ वर्षांची असताना घरातल्या घरात पाय घसरून पडली. उंचावरून नाही, जिन्यावरून नाही, उभी होती तिथेच. पडताना हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात नेलं, एक्स-रे काढला, हाड बसवलं, प्लास्टर घातलं, त्यात काही तक्रार नाही, काम चांगलंच केलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. हात बारीक झालेला, कातडी कोरडी पडलेली, आई बोटं उघडमीट करून बघत होती. डॉक्टर म्हणाले छान जुळलंय, व्यायाम करा, जपून चालत जा. कार्डावर महिनाभराच्या कॅल्शियमच्या गोळ्या लिहिल्या आणि आम्ही घरी आलो. उभ्या जागेवरून पडून एवढं हाड मोडलंच कसं, हा प्रश्न तिथे कोणालाच पडला नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही पडला नाही, आम्ही म्हटलं वय झालं, पडलं की मोडणारच.

पुढच्या काही वर्षांत वरच्या फळीवरचा डबा आईच्या हाताला येईनासा झाला. आधी सहज यायचा. मग टाचा उचलून, मग स्टूल घेऊन. पाठीत थोडा बाक आला, मधूनच कंबर धरायची, आम्ही मलम चोळायचो. ६७व्या वर्षी ती परत पडली आणि या वेळी खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन झालं, रॉड टाकला, आणि तेव्हा कुठे पाठीचा एक्स-रे बघून एक डॉक्टर म्हणाले की यांचे दोन मणके दबलेत आणि हे आजचं नाही, जुनं आहे. मग हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन केला. दुसऱ्या खुब्याचा टी-स्कोअर, म्हणजे घनतेचा आकडा, आला उणे ३.१. म्हणजे मनगट, मणके, खुबा, तिन्ही एकाच आजाराने गेले आणि त्या आजाराचं नाव आम्हाला सगळ्यात शेवटी कळलं: ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं आतून विरळ आणि ठिसूळ होणं.

या आजाराची अडचणच ही आहे की तो दुखत नाही. हाड मोडेपर्यंत काही म्हणजे काही कळत नाही. गुडघे दुखतात ती सांध्यांची झीज, ते वेगळं, पण लोक दोन्हीला "हाडांची झीज" म्हणतात आणि गुडघ्यावर इलाज चालू आहे म्हणजे हाडांचंही बघितलं जातंय असं समजून चालतात. रक्तातलं कॅल्शियम तपासून बघावं तर ऑस्टिओपोरोसिसमध्ये ते बहुतेक वेळा नॉर्मलच येतं. साध्या एक्स-रेत हाड विरळ दिसायला लागतं तेव्हा साधारण ३० टक्के तरी हाड आधीच गेलेलं असतं. मणका दबतो त्यातही बऱ्याच जणांना धड कळत नाही, पाठ भरून आली, उंची कमी झाली, वयाने होतं म्हणून सोडून देतात. आम्ही सोडलंच ना.

बीएमडीची, म्हणजे हाडांच्या घनतेची, खरी टेस्ट म्हणजे डेक्सा, आणि ती इतकी साधी आहे की आई टेबलावर पडून होती आणि झाली कधी ते तिला कळलंही नाही. सुई नाही, बोगद्यासारख्या मशीनमध्ये जायचं नाही, दहापंधरा मिनिटं कंबर आणि खुब्यावरून मशीनचा हात फिरतो. दोन वेगवेगळ्या ताकदीचे एक्स-रे सोडतात आणि ते हाडात किती अडले, मऊ भागात किती अडले यावरून हाडातली खनिजं मोजतात. किरणं अगदी थोडी, छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षाही कमी. मग तरुण निरोगी माणसाच्या सरासरीशी तुलना करून टी-स्कोअर देतात. उणे १ पर्यंत नॉर्मल, उणे १ ते उणे २.५ च्या मधे असेल तर ऑस्टिओपेनिया, म्हणजे हाडं थोडी विरळ, उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवून दिलेले हे आकडे आहेत, म्हणजे काही नवीन शोध लावायचाय असं नाही.

रिपोर्ट मात्र पेशंटला कळेल असा कोणीच देत नाही. आईच्या रिपोर्टवर रंगीत पट्टे, त्यात एक काळा ठिपका आणि खाली नुसते आकडे. उतारवयात कंबरेच्या मणक्यांना हाडाचे कंगोरे फुटलेले असतात किंवा मणका दबून घट्ट झालेला असतो, त्यामुळे कंबरेचा आकडा खोटा चांगला येऊ शकतो, म्हणून खुब्याचाही बघायचा असतो. हे आम्हाला नंतर एका डॉक्टरांनी शांतपणे बसून समजावलं, त्यांचे उपकार आहेत. आणि नुसता टी-स्कोअर म्हणजे सगळं नाही, किरकोळ पडून हाड मोडणारे कितीतरी लोक ऑस्टिओपेनियातच असतात. म्हणून वय, आधीचं फ्रॅक्चर, आईवडिलांचा खुबा मोडला होता का, स्टिरॉइडच्या गोळ्या, सिगारेट, दारू असं सगळं धरून पुढच्या दहा वर्षांचा धोका काढायची फ्रॅक्स नावाची पद्धत शेफिल्ड विद्यापीठाने २००८ सालीच दिली आहे. शिबिरात टाच मशीनमध्ये ठेवून दोन मिनिटांत सांगतात ना, ती सोनोग्राफीची तपासणी, त्यावरून ऑस्टिओपोरोसिस आहे किंवा नाही असं ठरवता येत नाही. नाही म्हणून सांगितलं की माणूस निर्धास्त होतो, त्याचीच मला जास्त भीती वाटते.

पन्नाशीनंतर दर तीन बायकांमागे एकीचं आणि दर पाच पुरुषांमागे एकाचं हाड या आजाराने कधी ना कधी मोडतं. हो, पुरुषांचंही, त्यांना तर कोणी विचारतच नाही. खुबा मोडल्यावर वर्षभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास आहे, आणि जे वाचतात त्यातले पुष्कळ जण पुन्हा पहिल्यासारखे चालत नाहीत. आई आता वॉकर घेऊन चालते. बाथरूमला जातानाही हाक मारते, आणि हाक मारताना तिला संकोच वाटतो ते मला रोज दिसतं.

आता मागणी. पन्नाशीच्या पुढचं कोणीही, बाई असो की पुरुष, किरकोळ पडून हाड मोडून सरकारी किंवा खाजगी दवाखान्यात आलं तर त्याला डेक्साची चिठ्ठी दिल्याशिवाय घरी सोडायचं नाही, असा नियम करा. एकदा असं हाड मोडलं की पुढचं मोडायचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि पहिली एकदोन वर्षं सगळ्यात वाईट. म्हणजे ज्याला शोधायचंय तो माणूस स्वतः चालत, हात गळ्यात बांधून तुमच्या दारात आलेला असतो. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोमध्ये १९९९ पासून हेच करतात, फ्रॅक्चर झालेल्या प्रत्येकाची नोंद एक नर्स ठेवते, टेस्टला बोलवते, औषध चालू झालं का ते विचारते. नवीन इमारत लागत नाही त्याला, एक माणूस आणि एक वही लागते. जिथे डेक्सा मशीन नाही तिथे फ्रॅक्सचे प्रश्न विचारून तरी सुरुवात करता येते, तो हिशोब टी-स्कोअरशिवायही होतो.

औषधंही आहेत हो. आठवड्याला एक गोळी, ती रिकाम्या पोटी ग्लासभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नाही. किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून. सहा महिन्यांचं इंजेक्शनही आहे, पण ते मनाने बंद केलं तर मणके पटापट दबू शकतात, आणि हे पेशंटला सुरू करतानाच सांगायला हवं. म्हणून म्हणते नोंद ठेवणारं माणूस पाहिजे, नुसती टेस्ट करून उपयोग नाही.

आईला ६१व्या वर्षीच गोळी चालू झाली असती तर खुबा मोडलाच नसता असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण धोका नक्की कमी झाला असता, आणि तो कमी करायची संधी आम्हाला मिळालीच नाही. प्लास्टर काढल्यावर दिलेलं तिचं कार्ड माझ्याकडे अजून आहे. त्यात खाली चार बोटं जागा कोरी आहे. "हाडांची घनता तपासली का?" एवढी एक ओळ तिथे सहज बसते. कार्डाचा फोटो हवा असेल तर पाठवते.

आपली,
एका पेशंटची मुलगी