साठ दिवस कुठून मोजायचे

प्रिय सई,

"आई, अख्खी लॅबच बंद केली" असं तू म्हणालीस आणि मी आधी तारीख विचारली. चिडलीस. चुकलंच माझं. पण तारीख अजून सांगितलेली नाहीस.

अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली की जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, शनिवार-रविवार धरून. आय-94, म्हणजे तिथे राहायची मुदत लिहिलेली नोंद, आधी संपत असेल तर त्याहून कमी. सहसा ज्या शेवटच्या दिवसाचा पगार मिळतो तिथून मोजणी सुरू. नोटिशीच्या काळात पेरोलवर ठेवलं असेल, तर ते दिवस सहसा यात जात नाहीत. सेव्हरन्स, म्हणजे काढून टाकताना देतात तो पगार, मात्र कितीही महिन्यांचा मिळो, त्याने मुदत वाढत नाही. इथेच भलेभले फसतात. एचआरकडून शेवटची तारीख लेखीच घे.

नुसतं ऑफर लेटर पुरत नाही. नव्या कंपनीचं पिटिशन, म्हणजे तुझ्यासाठीचा व्हिसा-अर्ज, मुदतीत दाखल व्हावं लागतं आणि त्याआधी कामगार खात्याकडून घ्यायच्या एलसीए मंजुरीलाच कामाचे सात दिवस जातात. म्हणजे पन्नासाव्या दिवशी आलेली ऑफर जवळजवळ उशिराच. नाहीच जमलं, तर मुदतीच्या आत आय-539 हा फॉर्म भरून बी-2, म्हणजे पर्यटक दर्जा, मागता येतो. त्यावर नोकरी करता येत नाही.

बारावीचा फॉर्म तू शेवटच्या दिवशी साडेचारला भरलास. बाबा बाहेर स्कूटर चालूच ठेवून उभे. असो, तो विषय नको.

लॅपटॉप परत करण्याआधी पगाराच्या स्लिपा, आय-797 (व्हिसा-अर्ज मंजुरीची नोटीस) आणि पेटंट अर्जांचे क्रमांक स्वतःकडे घे. कोड, डेटा काही घेऊ नकोस, तो कंपनीचा. तपासणीला गेलेल्या रिसर्च पेपरवर ऑफिसचा ईमेल असेल तर आजच बदल. खातं बंद झालं की परीक्षकांची उत्तरं तुला दिसणारच नाहीत. सेव्हरन्सच्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. कंपनीचा आरोग्य विमा स्वतःच्या खर्चाने चालू ठेवायची सोय, कोब्रा, ती निवडायलाही 60 दिवस असतात, पण ते 60 वेगळे. हप्ता मात्र पूर्ण तुझ्यावर, वर दोन टक्के.

पुन्हा लेक्चर झालं. माफ कर. तुझ्या पेटंटचा क्रमांक बाबांना पाठ आहे, आतलं अक्षर कळत नाही तरी. काकूला काही सांगितलेलं नाही.

बाबा विचारत नाहीत, पण भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेऊन बसलेत. तेवढी तारीख कळव.

आई