आप्पांच्या अंगावर गार पाणी नको

पुणे,
११ जानेवारी

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. महिनाभर रोज पहाटे गार पाण्याने आंघोळ करतोस, दिवसभर तरतरी राहते, हे वाचून बरं वाटलं. पण शेवटी लिहिलंयस, ‘आता आप्पांनाही सुरू करून दिलंय.’ सुधीर, ते आजच्या आज थांबव. बाकीचं पत्र मग सावकाश वाच.

ऐकीव सांगत नाही. गेल्या हिवाळ्यात मीही सुरू केलं होतं. पुण्याचा पारा नऊ-दहावर उतरला होता. बादलीत थर्मामीटर बुडवून पाहिलं, तर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १७ अंश. म्हटलं, एवढं काय! आणि भरलेला तांब्या थेट डोक्यावर ओतला. श्वास खसकन आत ओढला गेला, मी न ओढता. मग छातीचा भाता जो सुरू झाला तो आवरेना. डाव्या हाताने नळ घट्ट धरला होता म्हणून, नाहीतर ओल्या शहाबादीवर आडवाच झालो असतो. बाहेरून ही विचारत होती, ‘काय झालं?’ आणि मला उत्तर देता येत नव्हतं. बोलायला जेवढा श्वास लागतो तेवढाही ताब्यात नव्हता.

कातडीला एकदम गारठा लागला की हे आपोआप होतं, तिथे निग्रह चालत नाही. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत रेटलं जातं, रक्तदाब आणि ठोके दोन्ही चढतात. पहिलं अर्धं मिनिट सगळ्यात वाईट, मग दोन-तीन मिनिटांत ओसरतं. धडधाकट हृदय ते सोसतं. पण आप्पा ७८ वर्षांचे, बायपास झालेली, रोज रक्तदाबाची गोळी. थंडीत रक्तदाब मुळातच चढा राहतो, हार्ट अ‍ॅटॅकही हिवाळ्यात जास्त येतात. अशा माणसाच्या अंगावर पहाटे गार तांब्या कशाला?

‘त्यांना लहानपणापासून सवय आहे,’ असं तू लिहितोस. मला आठवतात की ते. वाड्यातल्या हौदावर पहाटे पाचला उघड्या अंगाने उभे, तोंडाने श्लोक, आणि आपण दोघं बंबाच्या उबेला चिकटून त्यांच्याकडे बघतोय. पण तेव्हा ते पस्तिशीचे होते, आणि मधली कितीतरी वर्षं त्यांनी गिझरचंच पाणी घेतलंय. सवय होते हे खरं. पाच-सहा वेळा गार पाणी घेतलं की ती पहिली धाप बरीच कमी होते, मलाही तो अनुभव आला. पण सवय धापेची होते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेलं त्याने निघत नाही.

फायद्याचंही सांगतो, कारण तुझं सगळं चुकतंय असं मी म्हणत नाही. नेदरलँड्समध्ये ३,०१८ जणांना घेऊन केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या गरम शॉवरच्या शेवटी ३०, ६० किंवा ९० सेकंद गार पाणी, असं ३० दिवस. आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी झाल्या. आजारी वाटण्याचे दिवस मात्र कमी झाले नाहीत, माणसं आजारातही कामावर जात राहिली एवढंच. आणि ३० सेकंदवाल्यांना ९० सेकंदवाल्यांइतकाच लाभ झाला. म्हणजे कुडकुडत उभं राहण्यात काही कमाई नाही. त्यात माणसं १८ ते ६५ वयाची होती, गंभीर दुखणी असलेल्यांना घेतलंच नव्हतं. आप्पा त्यात कुठेच बसत नाहीत रे.

तू चालू ठेव, पण आधी एकदा रक्तदाब मोजून घे. पहिल्यांदा कोमट पाणी, मग गार पाणी पायांवर, पोटऱ्यांवर, हातांवर, पाठीवर, डोकं शेवटी. श्वास सोडत सोडत ओत. आतून कडी लावू नकोस. छातीत दाटलं किंवा ठोका चुकल्यासारखा वाटला तर तिथेच थांब आणि डॉक्टरांकडे जा. धरणात उडी मारायचा तुमचा बेत मात्र सोडून द्या. बाथरूममधली धाप पाण्याखाली लागली, तर फुप्फुसात पाणीच जातं.

आणखी एक. तुमचा गॅस गिझर बाथरूमच्या आतच आहे ना? आप्पा पुन्हा गरम पाणी घेतील, तेव्हा खिडकी उघडी ठेवत जा आणि पाणी बादलीत भरून झालं की गिझर बंद करून मगच त्यांना आत जाऊ दे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. जमलं तर गिझर बाहेरच्या भिंतीवर हलवून घे.

संक्रांतीनंतर आप्पांना घेऊन चार दिवस ये. वाड्यातला तो बंब माझ्याकडेच आहे, चिंचेने घासून ठेवतो. गच्चीवर मोकळ्यात पेटवू, आणि त्यांचं पाणी मी स्वतः काढून देईन.

वहिनींना नमस्कार. आप्पांशी बोलणं झालं की रात्री फोन कर, मी जागा आहे.

तुझा,
विनू