दादरच्या गजरेवाल्या मावशींना

मावशी,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. नातू मोबाईलवर वाचून दाखवेल, या भरवशावर लिहितेय. चपलेचा पट्टा लावायला तुमच्या टोपलीपाशी थांबली होती ना, जाड चष्म्याची, ती माझी लेक. तिला हातभर अंतरापलीकडे नुसते रंग दिसतात.

सुट्टी लागली तेव्हा तिला फोर्टातल्या एका हेरिटेज वॉकला नेलं होतं. पैसे भरून. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या भिंतीवर जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी कोरलेले मोर, माकडं, पानंफुलं सगळे माना वर करून बघत होते. हिने विचारलं, "कुठंय माकड?" तर गाईड मला म्हणाला, "मॅडम, घरी गेल्यावर फोटो झूम करून दाखवा." पुढे ती गप्पच. अशी माणसं १८८८ सालची इमारत पाठ करतात आणि समोरचं पोर त्यांना दिसत नाही!

आणि तुम्ही? "ये गं, या दगडावर लिहिलंय बघ," म्हणालात. भर दुपार, काळा दगड तव्यासारखा तापलेला. तुम्ही फुलांवर शिंपडायच्या डब्यातलं पाणी त्यावर ओतलं. आधी स्वतःचा उलटा हात टेकवून बघितलात. चटका होता बहुतेक, कारण परत पाणी घातलंत. मग तिचा हात धरून बोट अक्षराच्या खाचेत ठेवलंत. दोन तिरक्या रेघा खाली येऊन मिळतात, शेजारी एक उभी. "सहा!" ती ओरडली. रोमन आकडे तिला येतात.

तो इंग्रजांच्या काळातला मैलाचा दगड. फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून सहा मैल. चर्चगेटला नाव मिळालं तेच हे चर्च, १७१८ सालचं. डांबराचे थर चढत गेले तसे असे बरेच दगड रस्त्यात गडप झाले. हा खणून वर काढला तेव्हा पालिकेच्या माणसांकडून तुम्ही सगळं ऐकून ठेवलंत. गजरे ओवता ओवता! दगडाला टेकून कुणी गाडी लावली की तुम्ही हाकलता, हेही कळलं.

मला अजून तो उलटा हातच आठवतो. पोराच्या आंघोळीचं पाणी आपण तसंच बघतो. दुसऱ्याच्या लेकरासाठी, धंद्याच्या वेळेला, कोण करतं हो? या शहराला घाई असते म्हणतात. असते, पण तुमच्यासारखी माणसंही फुटपाथवर बसलेली असतात, त्यांची कुणी तिकिटं लावत नाही.

लेकीचं आता एकच चाललंय, पाच मैलांचा दगड कुठे? परळकडे की नायगावकडे, तुम्हाला ठाऊक असेल तर सांगून ठेवा. रविवारी येतोय, मोगऱ्याचे दोन गजरे बाजूला काढा. आणि या वेळी पैसे घ्यायचे.

तुमची,
चष्मेवालीची आई